लंडनकर मामा आणि त्यांचा गडी

आपल्याला आवडणारा नट आपल्या देशाचा, आपल्या भाषेचा, आपल्या समाजाचाच असला पाहिजे, हे तुम्हाला नेमकं कोणी शिकवलं? मला माझ्या घराने शिकवलं होतं. म्हणूनच माझ्या सख्ख्या मामांना एक इंग्रज नट जीव की प्राण होता, हे मला कित्येक वर्षं पटत नव्हतं. आणि पटत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगत होते.

मामा तेलगावचे. साखर कारखान्यात चिटबॉय होते. म्हणजे उसाची नोंद घ्यायची, कोणाचा फड कधी तुटणार ते सांगायचं आणि मोटारसायकलवर गावोगाव फिरायचं. साठीला आले तरी हुद्दा चिटबॉयच राहिला. पण गावात त्यांना हुद्द्याने कोणी ओळखत नसे. बौद्धवाड्यापासून फाट्यापर्यंत त्यांचं एकच नाव, लंडनकर. फाट्यावरच्या हॉटेलात मामा शिरले की हॉटेलवाला भट्टीवरूनच ओरडायचा, "या लंडनकर! काय म्हनती रानी?" मामा न हसता बाकड्यावर बसायचे आणि म्हणायचे, "रानी म्हनती, तुझा चहा लई पातळ हाय." लंडन तर सोडाच, मुंबईलासुद्धा ते एकदाच गेले होते, चैत्यभूमीला. तिथून आले ते पायांना फोड घेऊन.

या प्रेमाची सुरुवात माजलगावच्या एका व्हिडिओ सेंटरमध्ये झाली. पत्र्याचं शेड, आत एक टीव्ही, बसायला पोती. मामा तेव्हा बिनलग्नाचे होते आणि मारामारीचा पिक्चर बघायला गेले होते. मालकाने भलतीच कॅसेट लावली. कसलातरी जुना इंग्रजी पिक्चर, त्यात ना मारामारी ना गाणं. अर्धी पोरं शिव्या घालत उठून गेली. मामा बसून राहिले. त्या पिक्चरमध्ये एका तरुण नटाला घोडागाडी हाकणाऱ्या नोकराचं बारकं काम होतं. मालक मेजवानीला आत गेलेला, हा बाहेर थंडीत लगाम धरून ताठ उभा. मालक येतो, गाडीत बसतो, आपल्या घराशी उतरतो, आत जातो, दार लागतं. दार लागल्यावर त्या नोकराचे खांदे खाली येतात. एवढंच. संवाद नाही, काही नाही.

"परत लाव बे तेवढं," मामा सेंटरवाल्याला म्हणाले.

"कावून? काय हाय त्यात?"

"तू लाव तर."

पुढे ही हकिगत सांगताना मामा मला म्हणायचे, "माझा बाप गढीच्या दारात आसाच उभा ऱ्हायचा. पाटील आत गेला की त्याचे खांदे आसेच खाली यायचे. मी बारका व्हतो. मला वाटायचं, हे साऱ्या दुनियेत फकस्त मलाच दिसलंय. तिकडं इंग्लंडात त्या गड्याला कसं ठाऊक?" त्या दिवसापासून तो नट 'आपला गडी' झाला. मामांनी त्याचं खरं नाव कधी धड उच्चारलं नाही, म्हणून मीही इथे ते लिहीत नाही.

गड्याची सगळी कारकीर्द मामांनी उसाच्या हिशेबात बसवली होती. तरुणपणातले पिक्चर म्हणजे लागण, नव्याने लावलेल्या उसाचं पहिलं पीक. तेव्हा तो पहिल्याच लढाईत मरणारा शिपाई व्हायचा, नाहीतर पोरगी ज्याला सोडून जाते तो. चाळिशीनंतरचे पिक्चर म्हणजे खोडवा, तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक. त्यात तो न्यायाधीश झाला, जेलर झाला, फासावर चढवणारा झाला. "खोडव्याला खर्च कमी आन् साखर जास्त," मामा म्हणायचे. "आता तो हात बी हलवीत न्हाई बघ. नुस्तं बघतो आन् समोरच्याचं पानी व्हतं." आणि म्हातारपणीची कामं म्हणजे निडवा, त्याच बुडख्यातून तिसऱ्यांदा आलेलं पीक. निडवा बहुतेक शेतकरी ठेवत नाहीत, मोडून टाकतात. मामांचा मात्र निडव्यावर फार जीव होता.

मधल्या काळात गड्याने काही वाईट पिक्चरही केले. एकात त्याच्या डोक्यावर रबराची शिंगं होती आणि तो पाताळातला राजा की कोण होता. तो बघून मामी पोट धरून हसल्या. "आवो, तुमच्या गड्याला शिंगं फुटली की! आता पोळ्याला मिरवा त्याला." मामांनी पिक्चर शेवटपर्यंत बघितला आणि मगच बोलले. "सीझन सपला की कारखाना आमाला बी आवारातलं गवत काढाया लावतोच की. पोट त्याला बी हाय."

आता माझं. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. माजलगावच्या छापखान्यातून गठ्ठे यायचे, ते मी घड्या घालून ठेवायचे आणि त्यांच्यावरूनच वाचायला शिकले. पुढे पत्रकं मीच लिहू लागले. मामा मला 'पत्रकवाली' म्हणायचे. अशा मुलीला इंग्रज नटावर जीव टाकणारा मामा कसा चालेल? आमचं खरं भांडण झालं ते एका पिक्चरवरून. त्यात आपला गडी हिंदुस्थानातला गोरा अधिकारी झाला होता. हातात वेताची छडी, समोर उन्हात बसवलेले गावकरी.

मी म्हणाले, "मामा, हा मानूस तुमच्या-माझ्या आज्याला उन्हात बसवतोय, आन् तुमी वा वा करता? लाज वाटती मला."

"त्यो न्हाई बसवत. त्यो ज्याचं काम करतोय त्यो बसवतोय."

"एकच की!"

"एक कसं? ह्ये बघ. छडी मारताना त्याला राग न्हाई आला. कट्टाळा आला. तोंड बघ त्याचं, जांभई दाबतोय. मानसाला मारायचा कट्टाळा येतो, इतकं मारलंय त्यानं. हे तुज्या कोन्त्या पत्रकात हाय?"

मी उठून निघून आले. त्या महिन्यात मामांकडे पाऊल टाकलं नाही. राग गेला नव्हता, पण ती दाबलेली जांभई डोळ्यांपुढून जाईना. सरकारी कचेरीत कोणाच्या कामासाठी गेलं की टेबलापलीकडच्या माणसाच्या तोंडाकडे लक्ष जायचं.

मग मामांच्या डोळ्यांचं कळलं. त्याच्या आधीच त्यांनी मोटारसायकल विकून टाकली होती. विचारलं तर म्हणायचे, "ॲव्हरेज देत नव्हती." फडावर पायी जायला लागले. टीव्हीसमोर बसताना खुर्ची पुढे सरकवायचे आणि मान कोंबडीसारखी वाकडी करायचे. एकदा चहाचा कप मी पुढे केला आणि त्यांचा हात कपाच्या शेजारून गेला. मी मामींकडे बघितलं, त्यांनी नजर खाली केली. संभाजीनगरला दाखवलं. काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेली नजर परत येत नाही. थेंब घातले तर उरलेली काही काळ टिकेल, आणि तीही किती ते सांगता येत नाही.

मामांनी विचारलं, "साल-दीड साल निघंल का, म्याडम?"

"का हो? मुलीचं लग्न आहे?"

"न्हाई. एक पिच्चर यायचंय."

डॉक्टरीणबाई हसल्या. मला हसू आलं नाही, कारण मला ठाऊक होतं. पुढचा पिक्चर आपला शेवटचा, असं गड्याने जाहीर केलं होतं आणि ती बातमी मामांना मीच फोनवरून वाचून दाखवली होती. निडव्याचा शेवट बघायचा, एवढंच मामांचं राहिलं होतं.

तिथून पुढे त्यांनी जे केलं ते मी दुसऱ्या कुठल्या माणसाला करताना पाहिलेलं नाही. मामांनी नजर राखून ठेवायला सुरुवात केली. बातम्या बंद, क्रिकेट बंद. दिवसभर पडवीत डोळ्यांवर ओला पंचा टाकून पडून राहायचे. कोणी आलं तर पंचा न काढता आवाजावरून ओळखायचे.

मी म्हणाले, "मामा, नजर काय ड्रममधलं पानी हाय का, जपून वापरलं की पुरंल?"

"तुला काय ठाऊक? उरलंय तेवढं त्याच्यासाठी ऱ्हाऊ दे."

"डॉक्टरांनी आसं सांगितलेलं न्हाई. थेंब टाका, चाला, फिरा, बघा. झाकून ठिवल्यानं काय बी व्हत न्हाई."

"थेंब टाकतोय की. पंचा बी टाकतो. तुजं काय जातंय?"

मी चिडत होते. मामी मात्र पंचा वाळला की पुन्हा ओला करून द्यायच्या. मी मामांकडे कधीही गेले तरी पंच्याखालून पहिला प्रश्न एकच यायचा, "आलं का?" पिक्चर लांबत गेला. कधी म्हणे गडी आजारी, कधी म्हणे काम अडलं. मी "न्हाई मामा" म्हणायचे आणि मामा म्हणायचे, "येऊ दे. घाई न्हाई." घाई किती होती ते त्यांच्या पंच्याला ठाऊक.

पिक्चर आला तेव्हा मामांना खिडकी कुठे आणि भिंत कुठे, एवढाच फरक कळत होता. मी त्यांना आलाच नाही म्हणून सांगावं, असं एक-दोघांनी सुचवलं. मला ते जमणारं नव्हतं. रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन गेले. मामांनी आंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला होता. पंचा घडी घालून बाजूला ठेवला होता. ते पडद्याकडे तोंड करून बसले. मामी पाठीमागे तूर निवडत होत्या.

मी सुरू केलं, "ही एका मध्यमवर्गीय, एकलकोंड्या म्हाताऱ्याची गोष्ट हाय. आयुष्यभर स्वतःपुरतं जगलेल्या…"

"ए पत्रकवाली," मामा म्हणाले. "पत्रक वाचू नको. त्यो कुठं बसलाय?"

"खुर्चीवर."

"कसा?"

 मी पिक्चर थांबवला, नीट बघितलं. "पुढं सरकून. पाठ टेकली न्हाई. दाराकडं कान हाय."

"हां. आता कसं! हात?"

"एक मांडीवर. दुसरा खुर्चीखाली पिशवी चाचपतोय."

अशी गाडी चालू झाली. मी चुकले की मामा थांबवायचे. 'दुःखी आहे' म्हटलं की म्हणायचे, "ते मी ठरवीन, तू तोंड सांग." मध्येच मामी तूर सोडून पुढे आल्या, पडद्याशी वाकल्या आणि म्हणाल्या, "आगं बाई, लई थकला वो ह्यो."

मामांनी मान वळवली. "थकला?"

"गाल आत गेले. मान बारीक झाली. तुमच्यावानीच दिसाया लागला."

"मंग चांगला दिसत आसंल," मामा म्हणाले आणि आम्ही तिघंही हसलो.

शेवटाकडे एक प्रसंग होता. म्हातारा पलंगावर बसून बूट घालतोय. मी सांगत गेले. "फीत बांधतोय. बोटं थरथरतात. सुटली. परत बांधतोय. जमंना. लेक दारात आली. त्यानं पाय पलंगाखाली घेतला."

"चटकन घेतला का हळू?"

"हळू. तिला कळू नये आसा."

"कळलं का तिला?"

"कळलं. पन ती खिडकीकडं बघती. बाहेर ऊन पडलंय म्हनती."

मामांनी हात वर करून मला थांबवलं. पिक्चर पुढे चालूच होता, तो मी बंद केला. मग ते मामींच्या दिशेने वळून म्हणाले, "मोटारसायकल कावून इकली, ते तुला कळलं व्हतं?"

"पयल्याच दिवशी," मामी म्हणाल्या.

"मंग बोलली न्हाईस?"

"तुमी लपवीत व्हता नव्हं." मामींनी पुन्हा सूप हातात घेतलं. मामांनी चाचपत हात पुढे नेला, सुपातली मूठभर तूर उचलली आणि बोटांनी खडे शोधू लागले. थोड्या वेळाने मला म्हणाले, "ऱ्हायलेलं लाव."

राहिलेला पिक्चर आम्ही संपवला. नंतर पंचा डोळ्यांवर गेला नाही. मामा फाट्यावर काठी टेकत जायला लागले, हॉटेलवाल्याला पिक्चर सांगायला लागले. तो म्हणायचा, "लंडनकर, तुमाला दिसत न्हाई आन् सांगता आमाला!" त्यावर मामा त्यालाच विचारायचे, "तुला दिसतंय ना? मंग माझ्या मागं कोन बसलंय, त्याचं तोंड सांग." कारखान्याचा बॉयलर पेटून नवा सीझन सुरू व्हायच्या आधीच मामा गेले. झोपेत गेले, फारसा त्रास झाला नाही. मातीला हॉटेलवाला भट्टी विझवून आला होता.

मी अजून पत्रकं लिहिते. माझा राग कमी झालेला नाही, कमी व्हायचं कारणही नाही. पण आता मी आधी लिहिते की अर्ज घेऊन आलेली बाई कुठे उभी होती, साहेबाने मान वर केली की नाही, कागद कोणत्या हाताने सरकवला. वडील म्हणतात, धार गेली. वाचणारे तसं म्हणत नाहीत. गेल्या पत्रकावर एका कचेरीतून फोन आला, 'त्या जांभईचं कशाला लिहिलं?' म्हणून.

वाचकहो, एक काम सांगते. तुमच्या घरात चाळिशी उलटलेली माणसं असतील तर त्यांचे डोळे या महिन्यात तपासून घ्या. काचबिंदू दुखत नाही, म्हणून कळत नाही. आणि तुमच्या गल्लीत, तुमच्या वस्तीत नजर गेलेलं एखादं माणूस असणारच. येत्या रविवारी त्यांच्याकडे जा. आधी विचारा, तुम्हाला कोणाला बघायचं राहून गेलं? मग तो पिक्चर लावा, शेजारी बसा आणि त्यांना सांगा.