पायांवरची अंघोळ

माझा डावा पाय लहानपणी तापात वाळला, कुबडीशिवाय चालता येत नाही. हे देवासला फॅक्टरीत, अन् मी बाळाला घेऊन धारला सासूबाईंजवळ. मला देवासला जायचं होतं, यांच्याजवळ, आपल्या खोलीत. पण आई, म्हणजे सासूबाई, म्हणायच्या, "एकटी काय करशील तिथे? तुझ्याने लेकराची अंघोळ तरी होते का?"

होत होती ना! माहेरी तिरल्याला मीच घालायची. आपल्यात बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालतात, माझा एक पाय बारीक, मधून बाळ घसरतं, म्हणून मी दोन्ही पायांना पंचा घट्ट बांधायची, झोळीसारखा. मगर आईंना दाखवायचं म्हणजे साडी वर घ्यायची, तो पाय दिसणार. म्हणून गप्प.

मग इंदूरहून एक ताई आली, ती पण कुबडीवाली, आमच्यासारख्या बायांवर पिक्चर काढत होती. मी चांगली साडी नेसून खुर्चीत बसले तर हसायलाच लागली, "अगं, लग्नाला चाललीस का? रोजचं कर ना काही. समाजाच्या हॉलमध्ये दाखवणार, चालेल?" आई देवळात गेल्या होत्या. वाटलं, हॉलमध्ये आई बघतील, मग देवासला जाऊ देतील. हौ म्हटलं, पंचा बांधला, बाळाला पायांवर घेतलं अन् पाणी घातलं.

हॉलमध्ये भिंतीएवढा माझा पाय! शेवग्याच्या शेंगेसारखा. मागून कुणी म्हणालं, "अरे भिया, ये तो अपनी ही बहू है." मी बाळाच्या टोपड्यात तोंड घातलं. कशाला हौ म्हटलं मी! आई शेजारीच. पडद्यावर बाळ पंच्यात पाय मारत होतं, घसरलं नाही, पण मला जास्त वेळ वर बघवेना.

घरी आलो. आई पायरीवर बसल्या, चप्पल काढता काढता म्हणाल्या, "कानात पाणी गेलं त्याच्या. कानावर हात धरत जा."

मी मान हलवली.

"अन् देवासला नळ किती वाजता येतो?"

देवासला येऊन महिना झाला. अंघोळ मीच घालते. पण शेजारीण दारात आली की अजून साडी खाली ओढते, बाळ तसंच साबण लावलेलं असलं तरी.