ताई पडली तर खेळ संपतो

नौपाड्यातल्या दुकानात मी कॉम्प्युटरचा माउस बघत होते, तेव्हा फोन आला. नंदूने सकाळीच बजावलं होतं, "ताई, वायरवालाच आण. बिनवायरचा सेल संपला की ऐन वेळी दगा देतो." दुकानदाराने काउंटरवर खोकी मांडली होती आणि मी, आयुष्यभर वांगीसुद्धा दाबून घेणारी बाई, एकेका माउसवर टिचकी मारून बघत होते. तेवढ्यात ह्यांचा फोन. "सुमन, घरी जाऊ नकोस. सरळ हॉस्पिटलमध्ये ये." मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "तू ये." ह्यांना कोथिंबीर आण म्हणायलासुद्धा प्रस्तावना लागते. इतक्या वर्षांच्या संसारात हे इतकं थोडक्यात कधी बोलले नव्हते. तेव्हाच मला कळलं. तरी मी बिल मागून घेतलं, त्यावर वॉरंटीचा शिक्का मारून घेतला, सुटे पैसे पर्समध्ये नीट ठेवले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, की ते खोकं मी छातीशी घट्ट धरून बसले आहे.

नंदू माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. डायलिसिसच्या खुर्चीवरच त्याचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी, नर्सनी सगळे प्रयत्न केले, हे समोरच होते. मी पोचले तेव्हा सगळं आवरलं होतं… त्याच्या अंगावर पांढरी चादर आणि खुर्चीखाली त्याच्या चपला, भिंतीला टेकवून, ओळीत. चपला ओळीत लावायची सवय त्याला मीच लावली होती, चांगल्या पाठीत धपाटे घालून.

आम्ही डोंबिवलीचे. लहानपणी आमच्या घरापासून शाळेपर्यंतची वाट कच्ची होती, वाटेत एक गोठा होता आणि गोठ्याशी चार कुत्री. मी छत्री उगारून पुढे आणि नंदू माझ्या दप्तराचा पट्टा धरून मागे, अशी आमची वरात रोज निघायची. छत्रीची काडी मोडली होती, पण कुत्र्यांना ते माहीत नव्हतं. पुढे मी लग्न होऊन ठाण्याला आले, शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाले. नंदू डोंबिवलीतच राहिला, एका कारखान्यात ड्राफ्ट्समन झाला. लग्नाचं विचारलं की "बघू" म्हणायचा आणि ते बघणं त्याने पन्नाशी उलटेपर्यंत चालवलं. त्याचं खरं सूत जुळलं होतं ते एका कॉम्प्युटर गेमशी. कॉलेजात असताना त्याला तो सापडला आणि नंतर कितीही नवे, चकचकीत गेम आले तरी ह्याचा आपला तोच. सहा जणांची एक मंडळी असते, ती रानावनातून, भुयारांतून हिंडते, राक्षसांशी लढते. मी त्याला घोडा म्हणायची. घोडा झालास तरी खेळतोस, म्हणायची. तो हसायचा.

मग त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टरांनी घरात कोणी देणारं आहे का विचारलं, तर मी वर्गातल्या पोरीसारखा हात वर केला. "मी देते." मला ना साखर, ना बीपी. परतताना रिक्षात नंदू म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "नाही म्हणजे?" "नाही म्हणजे नाही, ताई. यादीत नाव लावू. नंबर लागेल तेव्हा लागेल." मी रागावले, रडले, ह्यांना मध्ये घातलं, आईची शपथ घातली. ढिम्म हलला नाही. डोंबिवलीला एकटा काय करणार म्हणून त्याला वर्तकनगरला आमच्याकडे आणलं, तर कपड्यांची एक बॅग आणि कॉम्प्युटरचे बोजे घेऊन आला. कित्येक दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. ताट आदळून वाढायची. माझा धाकटा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत झिजत होता आणि माझ्याजवळ असलेली वस्तू घेत नव्हता, ह्याचा मला संताप येत होता. खरं सांगायचं तर अजून येतो.

अबोला मोडला तो त्या गेममुळे. डायलिसिसहून आला की दुपारभर तो पिळून काढल्यासारखा पडलेला असायचा. एकदा म्हणाला, "ताई, हात उचलवत नाही. मी सांगतो तसं तू क्लिक कर ना." मी कुरकुर करत बसले आणि मग रोजच बसायला लागले. माझे प्रश्न ऐकून तो पार थकलेला असतानाही फिसकन हसायचा. पहिल्याच दिवशी मी विचारलं, चिलखत घातल्यावर आकडा कमी कसा झाला, वाढायला नको का? तो म्हणाला, "इथे कमी तेवढं चांगलं." मी म्हटलं, "म्हणजे वर्गात जो नापास तो हुशार?" तर म्हणाला, "माझ्या रक्तातल्या क्रिएटिनिनसारखं समज." नंतर त्याबद्दल मी पुन्हा विचारलं नाही. आमच्या मंडळीत एक मांत्रिक होता, नंदूने त्याचं नाव 'भावोजी' ठेवलं होतं. भावोजी एक मंत्र म्हणायचे की तो विसरून जायचे, मग झोप काढून उठल्यावर पोथीतून पुन्हा पाठ करायचे. हे असं का, विचारलं तर नंदू म्हणाला, "गेमचा नियमच आहे." मी म्हटलं, नियम कसला, स्वभाव आहे. हे पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर खाली झाला नाही, पण पान उलटायचं थांबलं.

माझी एक खोड मात्र त्याला जाम छळायची. त्या गेममध्ये औषधाच्या बाटल्या सापडतात. प्यायली की जखमा भरतात. मी एकही उघडू द्यायची नाही. आपल्या घरी कसं चांगल्या कपबश्यांना पाहुण्यांची वाट बघायला लावतात, तशी मी बाटल्यांवर बसलेली. पुढे मोठं संकट आलं तर? मी आपली लढाई संपली की सगळ्यांना तिथेच झोपवायची, फुकटात जखमा भरतात म्हणून. भर रानात झोपवलं की हमखास लांडगे यायचे. नंदू कपाळावर हात मारायचा. "ताई, औषध वापरायला असतं गं. शेवटी बाटल्या शिल्लक आणि माणसं खलास, असं होईल." बाटल्यांचं ओझंही मोजलं जातं, ओझं फार झालं की माणूस चालेनासा होतो, हेही त्याने शिकवलं. मी बाटल्या सहा जणांत वाटून टाकल्या आणि जपणं चालूच ठेवलं.

मग एकदा मी तो प्रश्न विचारला. ह्यातलं कोणी मेलं तर काय होतं? नंदू उशीला टेकून बसला होता. म्हणाला, "त्याचं चित्र करडं पडतं. अंगावरचं सगळं सामान जमिनीवर पडतं. ते बाकीच्यांनी उचलायचं, वाटून घ्यायचं. मग देवळात नेलं की पुजारी त्याला उठवतो. फक्त ज्याला आपण पहिलं घडवलं, ते माणूस पडलं की खेळ तिथेच संपतो."

"बाकीचे पाच धडधाकट असले तरी?"

"तरी. गोष्टच त्याची असते ना."

पहिलं घडवलेलं माणूस म्हणजे मी होते. 'ताई' नावाची पुजारीण, जखमा भरणारी. नंदूने मला कायम सगळ्यात मागे ठेवलं होतं आणि 'नंदू' नावाचा लढवय्या ढाल घेऊन सगळ्यात पुढे. मला ते कधी पटलं नव्हतं. मी म्हटलं, "मोठी मी. पुढे मी असायला हवी. आणि मुख्य माणूस तू व्हायचास, गेम तुझा." तो म्हणाला, "तुला मागे राहायला सांगितलं की तुला राग येतो, मला माहितीये. पण ताई पडली तर खेळ संपतो. मी पडलो तर नाही संपत. मुद्दामच तसं केलंय."

"आणि देऊळ लांब असलं तर?"

"तर तसंच पुढे जायचं. पाच जणांतही गेम पुरा होतो."

मी म्हटलं, गप्प बस आणि गोळ्या घे. पण रिक्षातलं ते "नाही म्हणजे नाही" मला त्या क्षणी पुन्हा ऐकू आलं. त्याने तेव्हा जे सांगितलं नव्हतं, ते आज सांगितलं होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उगीच उभी राहिले… त्यानंतर किडनीचा विषय मी काढला नाही. आमची मंडळी हळूहळू पुढे सरकत राहिली. शेवटी शेवटी जुना माउस एकदा दाबला की दोनदा दाबल्यासारखं करायला लागला, भलत्याच दिशेला माणसं पळायची, म्हणून मी नौपाड्याला गेले. एरवी डायलिसिसला मीच त्याच्याबरोबर जायची, त्या दिवशी हे गेले. जाताना तो दारात चपला घालत होता. "एका सरायीत सेव्ह करून ठेवलंय," म्हणाला. "आल्यावर पूल पार करू."

हॉस्पिटलने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याचं सामान दिलं. शर्ट, घड्याळ, चष्मा, अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी. शर्ट मी धुतला, इस्त्री केला आणि कपाटात ठेवला. "कुणाला द्यायचा का?" असं हे एकदा म्हणाले आणि माझ्याकडे बघून त्यांनीच कपाटाचं दार लावलं. माउसचं खोकं कॉम्प्युटरशेजारी तसंच होतं. नवी वस्तू लगेच फोडायची नाही, ही माझी जुनी खोड. गेल्या आठवड्यात एका दुपारी मी ते फोडलं, वायर जोडली आणि गेम सुरू केला.

सहाही जण सरायीत उभे होते. मी त्यांना पुलाकडे नेलं. त्याने शिकवलं होतं तसंच सगळं केलं, नंदू पुढे, मी मागे. पुलावर अवाढव्य राक्षस होते. नंदूची चकमक सुरू झाली आणि त्याचा प्राण दाखवणारा आकडा भराभरा उतरायला लागला. मी बाटल्या काढल्या. जपून ठेवलेल्या सगळ्या, एकामागून एक, त्यालाच पाजल्या. भावोजींकडच्या मागून घेतल्या, माझ्या दिल्या. एकही शिल्लक ठेवली नाही. राक्षस संपले, पण त्यांच्याबरोबर तोही पडला. त्याचं चित्र करडं झालं.

मी माउसवरून हात काढला आणि खेळ संपायची वाट बघत बसले. खेळ संपला नाही. बाकीचे पाच जण पुलावर उभे होते, कुठे जायचं म्हणून माझ्या क्लिकची वाट बघत.

पलीकडून ह्यांनी विचारलं, "काय गं, काय झालं?"

"नंदू पडला," मी म्हटलं.

हे त्या खोलीत सहसा येत नाहीत. आले, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "मग आता?"

"सामान उचलायचं."

ढाल, शिरस्त्राण, तलवार, बूट, सगळं पुलावर पडलं होतं. आमच्या पिशव्यांत जागा नव्हती, म्हणून माझं सामान टाकून दिलं आणि त्याचं घेतलं. ओझ्याने आम्ही पाचही जण पाय ओढत गावात परतलो. देवळात पुजारी होता. त्याने नंदूला उठवलं. इथे उठवता येतं… तो उभा राहिला, पण अंगावर काही नसलेला, जेमतेम जीव असलेला. मी त्याला एकेक वस्तू पुन्हा चढवली. आधी बूट, मग चिलखत, मग शिरस्त्राण, शेवटी हातात ढाल. हॉस्पिटलात त्याच्या अंगावरचं उतरवून पिशवीत भरलं होतं, इथे बरोबर उलट चाललं होतं. माझे डोळे इतके भरले होते, की ढाल दोनदा चुकून भलत्याच हातात गेली. मग सरायीत नेऊन सगळ्यांना झोपवलं, पुरतं बरं वाटेपर्यंत.

रांग बदलता येते, हेही त्यानेच शिकवलं होतं. चित्र धरायचं आणि ओढायचं. मी त्याचं चित्र धरलं आणि सगळ्यात मागे नेलं. माझं पुढे आणलं. पुजारीण बाई, हातात एक गदा, चिलखताचा आकडा भलता मोठा, म्हणजे इथे भलता वाईट.

हे अजून खुर्चीमागेच उभे होते. म्हणाले, "अगं, पण तू पडलीस तर खेळ संपतो ना?"

म्हणजे पलीकडच्या खोलीत पेपरामागून सगळं ऐकत होते.

"संपू दे," मी म्हटलं. "मोठी मी आहे."