पुलाचं खोबरं

दवाखान्याला जाताना आमच्या हिनं चपला हातात घेतल्या आणि ओढ्यात पाय घातला. गुडघे धरलेत तिचे. निवडणुकीआधी साहेबांनी या काठावरच नारळ फोडला होता, "निवडून आलो की पहिला पूल तुमचा." आमच्याकडे नारळ फुटला म्हणजे काम सुरू झालं असंच धरतात. निवडून आल्यावर साहेब इकडं फिरकले नाहीत.

"पुलाचं खोबरं लई आवडीनं खाल्लंत की हो!" ती पाण्यातून म्हणाली.

मी शाळा नाही शिकलो, पण दिलेला शब्द कधी मोडला नाही, म्हणून दुसऱ्याचाही खराच वाटतो. या वयात ती खोड कुठं जायची? धोतर खोचलं, हात पुढं केला. मताचं बटण दाबलेलं बोटच तिनं घट्ट धरलं.