दळणाचा डबा आणि पिवळी गाडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जुन्या गाड्यांच्या बाजारात जाणं. मी मायलेज विचारत होतो आणि बायको घरून आणलेला दळणाचा डबा प्रत्येक डिकीत उभा राहतो का बघत होती. पिवळीत राहिला. तिनं हॉर्नही वाजवून बघितला.

"अहो, हीच घ्या."

"पिवळी? लोक रिक्षा समजून हात करतील."

"मग बसवा की त्यांना!"

आठवड्यात बायको गेली. गाडी घेताना माणूस सगळं तपासतो, शेजारच्या सीटवर कोण बसणार तेवढं सोडून.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळीच आणली. डबा शेजारी बसवून दळणाला निघालो. चौकात एका म्हातारीनं खरंच हात केला. मी डबा डिकीत ठेवला आणि तिला बसवलं.