डोळ्यात मावेल एवढाच थेंब

काचबिंदूचा पेशंट आणि डॉक्टर यांची गाठ जन्माची! मोतीबिंदूवाला ऑपरेशन झालं की पेढे देऊन मोकळा होतो. काचबिंदूवाल्याने रोज थेंब घालायचे आणि मी त्याच्या डोळ्याचं प्रेशर बघत राहायचं. पेण आणि रोहा, दोन्हीकडच्या माझ्या दवाखान्यांत किस्से साचतात ते त्यामुळेच.

थेंब चुकले तर नजर हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही. त्यात बाटलीतून पडणारा थेंब डोळ्यात मावत नाही एवढा मोठा. निम्मं औषध गालावर, बाटली महिना संपायच्या आधीच रिकामी, आणि नवी आणेपर्यंत डोळा उपाशी! म्हणून हल्ली मी बाटलीला बारीक तोंड बसवून देते. थेंब लहान, गुण तोच.

पण हे पटवणं म्हणजे!

*

धाटावला कंपनीत शिफ्ट करणारे एक गृहस्थ लगेच खूश झाले. आधी त्यांचा थेंब थेट मिशीत जिरायचा.

"मॅडम, डोळ्याचं तुम्ही बघा. मिशीला मात्र काचबिंदू होनार नाय, ही माझी गॅरंटी!"

*

नागोठण्याच्या आजी उलट भडकल्या. "गालावर आला नाय, तर थेंब पडला कसा समजायचा गो?"

"आजी, डोळा चुरचुरला का?"

"चुरचुरला."

"मग पडला!"

"म्हंजे चुरचुरायचे पैशे घेतेस व्हय?"

*

रोह्याकडच्या एका भातशेतीवाल्या काकांनी तर दाभण घालून ते तोंड मोठंच केलं. मी कपाळाला हात लावला.

"काका, खाचर भरल्यावर वरचं पाणी कुठे जातं?"

"शेजाऱ्याच्या खाचरात."

"तुमच्या डोळ्याचा शेजारी म्हणजे गाल!"

काकांनी गालावरून हात फिरवला. "पन मॅडम, शेजारी घरचाच हाय ना!"

*

खाडीकडच्या मिठागरावर जन्म काढलेलं एक म्हातारं जोडपं आहे. बाबांचा एक डोळा काचबिंदूने आधीच गेलाय. उरलेल्या डोळ्यावर सगळी मदार. बोटं आखडल्यामुळे बाटली त्यांना दाबता येत नाही, थेंब आजीच घालते.

मागच्या खेपेला दोघं बाकाच्या दोन टोकांना बसलेली. लेकीला जमीन देण्यावरून भांडण झालेलं, पावसाळाभर एकमेकांशी शब्द नाही. गेला हा डोळाही, असं वाटलं.

प्रेशर मोजलं. अगदी हवं तेवढं! मला इतकं बरं वाटलं की मी परत एकदा मोजलं.

"बाबा, थेंब कोण घालतं?"

बाबांनी नुसती हनुवटी आजीकडे केली.

आजीला विचारलं, "बोलत नाहीस, मग त्यांना कळतं कसं?"

"खाटेवर बाटली ठोकते. मान वर करतात. बारीक थेंबानं बरा झाला, गाल पुसायला नको."

"एवढा राग आहे, तरी एक दिवस चुकवला नाहीस?"

आजीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

"अबोला ह्यांच्याशी हाय गो बाय. डोल्याशी नाय!"