यादीतलं पहिलं नाव

लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या गेटवर पोरांचे मोबाइल जमा करून घ्यायचं काम वैजनाथचं. आणि हाच शहाणा स्वतः दिवसाला तीस-तीस स्टेटस ठेवायचा! घटकेघटकेला ते कुणी पाहिलं याची यादी उघडायचा. शेजारच्या टेबलावरून मी बघायचो आणि वैतागायचो. एकदा या नादात पोरांच्या मोबाइलची अदलाबदल झाली, तेव्हा सरांनी शेवटची ताकीद दिली. मग बायकोनं, सिंधूनं, त्याला ओढतच समुपदेशक पूनम मॅडमकडे नेलं.

“गोळी न्हाई, इंजेक्शन न्हाई. मनात येईल ते बोला म्हणतात,” तो माझ्याकडे कुरकुर करायचा. दर बुधवारी तासभर हेच. थोड्याच दिवसांत यानं मॅडमनाही सकाळ-संध्याकाळ सुविचार पाठवायला सुरुवात केली. त्या वाचायच्या, पण उत्तर द्यायच्या नाहीत. जे बोलायचं ते समोरासमोर, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. पाचव्या बुधवारी हा भडकला.

“बघता, पन बोलत न्हाई! तुम्ही बी आमच्या अण्णासारख्याच!”

“अण्णा काय बघतात?” मॅडमनी विचारलं.

तिथं याला रडू फुटलं. शेती सोडून लातूरला आला तेव्हापासून, नऊ वर्षं, वडील अण्णाराव त्याच्याशी बोललेले नाहीत. काही सांगायचं तर आईकरवी, हा समोर बसलेला असला तरी. पण स्टेटसच्या यादीत रोज पहिलं नाव अण्णांचं. त्या एका नावासाठी हा जीव टाकत होता. त्यानं हे सांगितलं तेव्हा मला माझ्या चिडण्याची लाज वाटली.

त्यानं स्टेटस बंद केलं. आठ दिवस नुसता तळमळला. मग म्हणाला, “आता तोंडानंच बोलतो.” धीराला मला सोबत घेऊन तो मुदखेडजवळच्या त्याच्या गावी गेला. अण्णा ओसरीवर होते. वैजनाथ त्यांच्या पुढ्यात बसला.

“अण्णा, एकदा माझ्यासंगं बोला.”

अण्णांचे ओठ हलले. जमलं, असं मला वाटलं. पण त्यांची मान वळली ती दारात उभ्या असलेल्या वैजनाथच्या आईकडे, रुक्मिणबाईंकडे.

“त्याला इचार, स्टेटस का बंद केलं? आठ दिस झाले, मी वाट बघून राहिलो.”

आईनं जसंच्या तसं विचारलं. बापलेकांत हातभर अंतर होतं. वैजनाथनं खिशातून फोन काढला आणि आईला म्हणाला, “त्येंला सांग, आत्ता ठिवतो.”