धाकट्याचं ताट

माझे तिन्ही मुलगे जेवून उठले, की खरकटी ताटं तिथेच पडलेली. आज मात्र चार वर्षांच्या धाकट्यानं आपलं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि आमटी सांडत मोरीकडे निघाला. तेवढ्यात माझ्या नणंदेनं ते काढून घेतलं. "ठेव रे राजा, आई आहे ना!"

माझं डोकंच फिरलं. सोफ्यावर बसून पाणी मागणारे पुरुष काही आभाळातून पडत नाहीत. असेच घडतात घरोघरी, लाडालाडात, हातातलं एकेक ताट काढून घेत.

"ताई, त्याचं ताट द्या त्याला!" मी ओरडलेच.

त्यांनी ताट पुढे केलं. पण पोरानं हात पाठीमागे लपवले, माझ्याकडे बघून गोड हसला आणि म्हणाला, "आई आहे ना!"